बेचाळीसचं कार्ड

चूक माझी होती. आधीच सांगून टाकते, उगाच कोणी माझी कीव करायला नको.

१९८३ साली मी पुण्याच्या एका संशोधन संस्थेत कार्ड पंचिंगला होते. भरे गावातल्या आमच्या बौद्धवस्तीतून रोज एसटीनं जायचे. ही नोकरी मला वस्तीतल्याच कोंडिबामामांनी दाखवली. ते त्याच संस्थेच्या वर्कशॉपात काचेला पॉलिश करायचे. नात्यानं कोणी नव्हेत, पण जागा निघाली कळल्यावर माझा अर्ज स्वतः नेऊन देणारा माणूस तो एकटाच.

आमचे डॉक्टर उपग्रहावरच्या दुर्बिणीसाठी एक यंत्र बनवत होते. ताऱ्याकडून आलेले क्ष-किरण आरशाला निसटते घासून जायचे, बारीक रेघांच्या जाळीवर पडून वेगळे व्हायचे, आणि त्यांच्या ओळी उमटायच्या. त्या ओळींवरून ताऱ्यात काय जळतंय ते कळतं म्हणे. आरसा खडबडीत असला की ओळी फिसकटतात. एकदा वर गेलेलं यंत्र कोण दुरुस्त करणार? म्हणून आधी कॉम्प्युटरवर चाळीस हजार खोटे किरण एकेक करून सोडायचे आणि ओळी कशा येतील ते बघायचं. आरसा कसा, जाळी कशी, कोन किती, हे सगळं कार्डांना भोकं पाडून मशीनला सांगायचं. ती भोकं पाडणारी मी.

मामांनी घासलेल्या आरशाचा खडबडीतपणा बेचाळीस भरला. जितका आकडा कमी तितका आरसा चांगला. मामांनी डॉक्टरांना तोंडावर सांगितलं होतं की आणखी सहा महिने द्या, अजून खाली आणतो. डॉक्टर म्हणाले, बेचाळीसला चालतं का ते गणित ठरवेल.

आमची एक पद्धत होती. खऱ्या गणिताआधी मोजक्या किरणांची चाचणी घ्यायची. चाचणीला आरशाच्या कार्डाच्या जागी पाचचं कार्ड घालायचं. पाच म्हणजे जवळजवळ निर्दोष आरसा, त्याचं उत्तर आधीच माहीत असतं. ते उत्तर आलं की प्रोग्रॅम ठीक, मग पाचचं काढून खरं कार्ड घालायचं. मामांच्या आरशाचं गणित होतं त्या शुक्रवारी पंचिंग मशीनची रिबन वाळली होती, त्यामुळे कार्डाच्या माथ्यावर आकडे उठलेच नाहीत. दोन्ही कार्डं टेबलावर शेजारी शेजारी. भोकं मला अक्षरांसारखी वाचता यायची, दोन क्षणांचं काम होतं. पण मला साडेपाचची एसटी गाठायची होती. गठ्ठ्यात परत पाचचंच गेलं. बेचाळीसचं माझ्या पिशवीत, रद्दीत.

रद्दी कार्डं मी वस्तीत वाटायचे. पोरं मागच्या बाजूला पाढे लिहायची, मामांच्या घरच्या रंभामामी पत्र्याच्या फटीत कोंबायच्या.

गणितात ओळी सुरीनं कापल्यासारख्या स्वच्छ आल्या. डॉक्टर खूश. सहा महिने काही मिळाले नाहीत. पुढच्या साली उपग्रह वर गेला आणि पहिल्याच ताऱ्याच्या ओळी फिसकटलेल्या आल्या.

चौकशी बसली. तिचा तर्क सरळ होता. बेचाळीसच्या आरशाला स्वच्छ ओळी येतात असं गणित सांगतं, त्या आल्या नाहीत, म्हणजे आरसा बेचाळीसचा नव्हताच. कोंडिबानं आकडा खोटा दिला. मामा तिथं एकच वाक्य बोलले म्हणे, "मी आकडा खोटा दिला न्हाई." त्यांना काढून टाकलं. बावन्नाव्या वर्षी ते पिरंगुटजवळच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर उभे राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी. पण चोर मीच आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

दिवाळीआधी मामींकडे साफसफाईला हात लावायला गेले. फटीतली जुनी कार्डं काढत होते. एक कार्ड उजेडासमोर आलं आणि भोकं आपोआप वाचली गेली. आरसा. बेचाळीस. म्हणजे गणितात पाचचंच गेलं होतं. मामी चुलीपाशी होत्या. मी कार्ड ब्लाउजमध्ये सारलं आणि घरी पळाले.

तेव्हाच्या तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले. घरात माझा एकटीचा पगार होता. आणि ऑफिसात माझ्या पाठीमागे "राखीव जागेवरची" म्हणायचे, ते मला रोज ऐकू यायचं. त्यांना आयतं कोलीत मिळालं असतं. उद्या सांगू, परवा सांगू, असे अकरा दिवस काढले मी.

अकराव्या दिवशी ते कार्ड गठ्ठ्यात घातलं आणि चाळीस हजार किरण पुन्हा सोडले. ओळी फिसकटल्या. आकाशातून आल्या होत्या तशाच, तंतोतंत. जुन्या नि नव्या गणिताचे दोन्ही कागद डॉक्टरांपुढे ठेवले आणि सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही कागद एकावर एक धरून उजेडात पाहिले. मग मामांना परत कामावर घेण्याचं पत्र करून घेतलं. मला मेमो मिळाला. नुसता मेमो. एवढ्याला भिऊन बसले होते मी, जळो माझं भिणं.

पत्र घेऊन संध्याकाळी थेट मामांच्या दारात गेले. मामींनी चहा ठेवला. मामा भिंतीला टेकून बसले होते, उजवा हात पांढऱ्या पट्ट्यात. पट्टा मनगटाच्या जरा पुढे संपत होता. प्रेसखाली चार बोटं गेली, परवा, मामी म्हणाल्या. ससून हॉस्पिटलातून आजच आणलं होतं.

मी कार्ड आणि पत्र त्यांच्या डाव्या हातात दिलं. काय झालं ते सांगितलं. ते भोकांवरून अंगठा फिरवत राहिले, काचेवर फिरवायचे तसा.

"म्हंजी माजा आकडा बरुबर हुता?"

"व्हय मामा. बरोबर होता."

त्यांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि मला वाटलं, सुटले मी. मग त्यांनी विचारलं, "कार्ड कवा गावलं तुला?"

खोटं बोलता आलं असतं. आज सकाळी म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं.

"अकरा दिवस झाले," मी म्हणाले.

मामांनी पट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पत्र चटईवर ठेवून दिलं. रंभामामी उठल्या, माझ्या पुढ्यातला न प्यालेला चहाचा कप उचलला आणि आत घेऊन गेल्या.