गाळलेली तिवरं

१९६१ साली मी दिल्लीच्या नकाशा कार्यालयात ट्रेसिंगला, म्हणजे जुन्या नकाशांच्या प्रती काढायला लागले. पहिलंच मोठं काम आलं ते माझ्या माहेरच्या खाडीचं. १८८४चा, इंग्रजांनी केलेला नकाशा. दोन्ही काठांवर तिवरांच्या जंगलाची बारीक बारीक चिन्हं, हजारभर तरी. बंदर खात्याला फक्त पाण्याची खोली हवी होती. साहेब म्हणाले, झुडपं गाळा, वेळ जातो. मी गाळली. अशा वेळी प्रतीखाली तशी टीप लिहायची असते. ती माझ्याकडून राहिली.

निवृत्तीनंतर लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर सोडून आम्ही फरीदाबादला गेलो. १९९६ मध्ये गुडगावच्या एका नव्या कंपनीने जुने नकाशे वाचायला मला बोलावलं. काचेची इमारत, मागे अजून मोहरीची शेतं. संगणकावर जुने-नवे नकाशे एकावर एक ठेवून किनारा शंभर वर्षांत कसा बदलला ते तिथे बघत. एक दिवस पडद्यावर माझीच प्रत आली आणि तिच्यावर उपग्रहाचं ताजं चित्र. १८८४ला काठ कोरा, आज हिरवा. गावात जेटी बांधणाऱ्यांना द्यायच्या अहवालातली ओळ तयार होती: तिवरं अलीकडची आहेत, जेटीसाठी तोडली तर जुनं काही जात नाही.

गावात माझा धाकटा भाऊ भालचंद्र त्याच जेटीविरुद्ध उभा होता. त्याचे खेकडे, कालवं सगळं त्या तिवरांतलं.

मी अविनाशला, आमच्या पुण्याच्या तरुण साहेबाला, सगळं सांगितलं. म्हणाला, मूळ नकाशा आणा, आजच बदलतो. जुन्या कार्यालयात मी तीन फेऱ्या मारल्या. वाळवी लागलेल्या गठ्ठ्यांबरोबर तो कधीच टाकून दिला होता. मग मी चूक लेखी द्यायला बसले.

"द्या ना, बिल्कुल द्या," अविनाश म्हणाला. "पण मावशी, जेटीवाल्यांचा वकील विचारणार, तेहेतीस वर्षांत अजून कुठे कुठे काय गाळलंत?"

आयुष्यभर मी बिनचूक बाई म्हणून मिरवले होते. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

गावात जेटीची सुनावणी झाली, त्याच संध्याकाळी भालचंद्रचा फोन आला. नकाशाखालचं माझं लग्नाआधीचं नाव तिथे मोठ्याने वाचलं होतं. मला वाटलं, आता शिव्या घालणार.

"गाव भांडायला आलं होतं, ताई," तो म्हणाला. "तुझं नाव ऐकलं आणि खाली बसलं. नीला खोटं काढायची नाही म्हणाले. कुमुदकाकू सांगत होती, तिच्या आजेसासूच्या आधीपासून तिथे कालवं काढतात. तिलाच गप्प केलं सगळ्यांनी. मीही केलं."

मी म्हटलं, आवाज नीट येत नाही, आणि फोन ठेवला.