पुरे

पक्षाघातानंतर नीलकंठरावांचा उजवा हात बराचसा परत आला होता, भाषा मात्र परत आली नव्हती. जयपूरच्या विद्यापीठात उभी हयात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या माणसाला 'पाणी' म्हणायचे असले, तरी ओठ जुळवून वाट पाहावी लागे. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी बजावले होते, की सराव मातृभाषेतच करा आणि त्यात खंड पाडू नका. हे सुरुवातीचे महिनेच महत्त्वाचे. म्हणून रोज सकाळी त्यांचा मुलगा अनिरुद्ध समोर बसे, 'पाणी', 'दार', 'हात' असे शब्द देई आणि फोनवर त्यांचा आवाज टिपून घेई. बाबांनी एकदा फोनकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या, तेव्हा बाईंना ऐकवायचे आहे, असे त्याने सांगितले. तेव्हा ते खरेही होते.

अनिरुद्ध एका डिझाइन महाविद्यालयात शिकवत असे. प्रदर्शनासाठी त्याने तांब्याच्या पातळ पत्र्यांचे, माणसाहून उंच शिल्प उभे केले होते. पत्रे चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, तांबटांनी ठोकून दिले होते. आत दिवे आणि स्पीकर होते. पाहणारा किती जवळ आला आहे हे सेन्सर ओळखत. लांबून फक्त श्वास ऐकू येई, पुढे आल्यावर तुटक अक्षरे, आणि अगदी समोर उभे राहिले की सगळे पत्रे आतून उजळून एकच शब्द उमटे. या आवाजासाठी त्याने तंबोरा लावून पाहिला, घंटा लावून पाहिल्या. सगळे दागिना घातल्यासारखे वाटे. मग बाबांचा आवाज लावला आणि शिल्प जिवंत झाले. त्यांना विचारायला हवे, हे त्याला कळत होते. पण नाही म्हणायलाही बाबांना वेळ लागला असता, आणि तेवढा वेळ आपल्याजवळ नाही, असे त्याने स्वतःला पटवले.

तो शब्द कसा आला होता, हे तो विसरू शकत नव्हता. त्या सकाळी बाबांना 'दार' जमेना. अनिरुद्ध पुन्हापुन्हा सांगत राहिला, तेव्हा त्यांनी टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, "पु... पुरे." आजारपणानंतरचा तो सर्वांत स्पष्ट शब्द होता.

"वा, बाबा," अनिरुद्ध म्हणाला. "पुन्हा म्हणा."

त्यांनी पुन्हा म्हटले. शिल्पात होता तो हा दुसरा.

प्रदर्शनाला येणाऱ्यांना मराठी येत नव्हते. त्यांना ऐकू आले ते हिंदीतले 'पूरे', म्हणजे पूर्ण. संयोजक पवनजींनी उद्‌घाटनाच्या भाषणात सांगितले, की अधुरा माणूस पूर्ण होऊ पाहतो आहे. वर्तमानपत्रानेही तसेच छापले. लोक शिल्पासमोर डोळे पुसत. अनिरुद्धने कोणालाच दुरुस्त केले नाही. कौतुक झाले की तो हात जोडी.

आईबाबांनी प्रदर्शनाला येऊ नये म्हणून घरी त्याने पायऱ्या, गर्दी, ऊन अशी कारणे सांगून पाहिली. पण त्याची आई, शकुंतलाबाई, वर्तमानपत्रातला फोटो पाहून हट्ट धरून बसल्या होत्या. रविवारी दुपारी त्या नवऱ्याला ई-रिक्षात बसवून स्वतःच दालनात आल्या. अनिरुद्ध तिथेच होता. पवनजींनी वाकून दोघांना नमस्कार केला आणि शिल्पापुढे नेले. नीलकंठराव काठी टेकत पुढे सरकत गेले तसा श्वास ऐकू येऊ लागला, मग अक्षरे. शकुंतलाबाई जागच्या जागी थांबल्या. नीलकंठराव अगदी समोर पोहोचले तेव्हा तांब्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला.

"पु... पुरे."

"सुना, माँजी?" पवनजी हळूच म्हणाले. "पूरे. आदमी पूरा होना चाहता है."

शकुंतलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. त्या मुलाकडे वळल्या.

"अनी, मतलब... हे तुला थांब म्हणत होते ना रे?"

नीलकंठराव शिल्पाकडे पाहत एकेक पाऊल मागे येत होते. शब्द गेला, अक्षरे गेली, श्वासही थांबला, तेव्हा ते थांबले. मग त्यांनी अनिरुद्धच्या शर्टाच्या खिशाकडे पाहिले. तिथे फोन होता.

त्याच दिवशी अनिरुद्धने स्पीकर काढून टाकले आणि त्या शब्दाचा अर्थ पवनजींना सांगितला. पवनजींना ते पटले नाही. लोकांना जे ऐकू आले तेही खरेच होते, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या सकाळी अनिरुद्ध बाबांपुढे बसला. त्याने माफी मागितली, सगळे सांगितले, फोन बाहेर ठेवून आल्याचेही सांगितले. बाबांनी शांतपणे ऐकून घेतले. रागाचे काहीच नव्हते. शेवटी त्यांनी त्याच्या खांद्यावर हातही ठेवला. पण त्याने 'पाणी' म्हटले, तेव्हा त्यांचे ओठ जुळले नाहीत. त्यानंतरच्या सकाळीही नाही. आवाज आता कायमचा गेला, आणि तो आपण घालवला, असे अनिरुद्धला वाटू लागले.

एकदा महाविद्यालयातून तो लवकर परतला. जिन्यातच त्याला आईचा आवाज ऐकू आला, आणि त्यामागून बाबांचा. "दा... दार," बाबा म्हणत होते. "दार... उघड." अडखळत, पण दोन शब्द एकापुढे एक.

तो भरभर वर गेला. उंबऱ्यात त्याची चाहूल लागताच बाबा थांबले. आईने त्याच्याकडे पाहिले.

अनिरुद्धने दार हलकेच ओढून घेतले आणि तो मागे फिरला. जिन्याच्या वळणापर्यंत उतरला, तरी वर शांतच होते. आणखी एक मजला उतरून तो पायरीवर बसला. बऱ्याच वेळाने वरून शब्द पुन्हा सुरू झाले. इतक्या खालून ते ओळखू येत नव्हते.