हाजींचा मुरवलेला पेंढा

आमच्या गावात भात निघालं की आनंद कमी आणि धूर जास्त. कापणी उरकते न उरकते तोच म्हशींच्या हिरव्या चाऱ्याचं बरसीम पेरायची घाई सुटते. पेंढा शेतात पडून राहिला तर पेरायचं कुठे? मग जो तो काडी लावतो. सरकार दंड करतं, तरी लावतो. हाजी मितवल्लींची मुलगी तहानी त्या दिवसांत उशीला टेकून नुसता श्वास ओढत राहते. गेल्या वर्षी तर तिचे ओठ निळे पडले. हाजी तिच्या उशाशी बसून अल्लाची करुणा भाकत होते आणि बाहेर आमची सगळ्यांची शेतं जळत होती.

म्हणून इंजिनियर रिफअतनं सोसायटीच्या जुन्या गोदामात पेंढ्यापासून इथेनॉल काढायच्या टाक्या बसवल्या, तेव्हा सगळ्यात जास्त हाजीच हरखले. मी त्यांना सोडतो होय?

"काय हाजी, हज करून आलात आणि आता दारू गाळणार?"

"गाडी पिणार आहे रे, शहाता. तू आधी तुझी लाळ पूस."

रिफअतचं म्हणणं सरळ होतं. कैरोहून माणसं येणार. त्यांच्यादेखत एका टाकीतून नीट इथेनॉल उतरलं, तर इथे मोठा कारखाना होईल आणि पेंढा जाळायची कुणाला गरजच उरणार नाही. नाही उतरलं, तर टाक्या दुसऱ्या जिल्ह्यात जातील.

"पहिला पेंढा माझा," हाजींनी जाहीर केलं. "माझ्या तहानीसाठी चांगल्यातला चांगला देतो."

आणि दिलाही. माझ्याच ट्रॉलीतून गठ्ठे गेले. रिफअतनं मूठभर पेंढा चुरगाळून पाहिला. "वा हाजी! इतका मऊ पेंढा मी पाहिला नाही." शहरातला मुलगा, स्तुती केली, पण पुढे काही विचारलं नाही. हाजी मिशीवर हात फिरवत राहिले, त्यांनीही काही सांगितलं नाही.

पेंढा आम्लात शिजला, मग त्यात खमीर पडलं. खमीर लागलं की टाकी बुडबुडायला हवी. कैरोची माणसं खुर्च्या टाकून बसली. चहा झाला, मधाबरोबर तुपातली पापुद्र्याची गरम फतीर रोटी झाली, पुन्हा चहा झाला. टाकी गप्प. दुसऱ्या दिवशीही गप्प. मग ती माणसं हात झटकून निघून गेली.

रिफअतनं गठ्ठ्यातली काडी जिभेला लावली आणि थुंकली. "हाजी, या पेंढ्याला काही केलं होतंत?"

"म्हणजे काय! म्हशीला देतो तसा केला. युरियाचं पाणी, मीठ, वर प्लॅस्टिक घालून मुरवला, मग उन्हात वाळवला. पाहुण्यापुढे कोरडा पेंढा ठेवतात का?"

"युरियानं माझं आम्ल मारलं, हाजी. आणि मिठानं खमीर."

"पण म्हैस तर चाटून पुसून खाते!"

"खमीर म्हणजे म्हैस नाही हो."

एरवी या वाक्यावर मी हसून लोळलो असतो. त्या दिवशी मला दोघांचाही राग आला, एकाच्या न विचारण्याचा आणि दुसऱ्याच्या मोठेपणाचा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हाजी म्हणत राहिले, "दुसरा देतो, कोरा देतो, त्यांना बोलवा." पण कैरोत कोणी फोन उचलेना. आठवडाभरात टाक्या ट्रकवर चढल्या.

गावानं शेतं पेटवली. हाजींनी तेवढा आपल्या शेतातला पेंढा तसाच ठेवला. त्यांचं शेत पिवळं, बाकी सगळं काळं, आणि पेरणी मागे पडत चाललेली. मी नांगरायला ट्रॅक्टर घेऊन गेलो, तर हाजी बांधावर काडेपेटी घेऊन बसलेले. उघडत होते, मिटत होते.

तहानी तोंडाला ओढणी धरून आली. दर चार पावलांना थांबत होती.

"बाबा, लावा."

"तू घरी जा. मी हातानं उचलून टाकीन."

"कुठे टाकाल? आणि बरसीम नाही पेरलं तर म्हशींना काय घालाल? धूर तर गावभर आहेच. तुमच्या एकट्याच्या न जाळण्यानं मला कितीसा श्वास मिळणार आहे?"

तहानीनं त्यांच्या हातातली पेटी घेतली, खाली वाकली, स्वतःच काडी ओढली आणि पेंढ्याला लावली. मग खोकत खोकत घराकडे निघाली. वारा त्याच बाजूला वाहत होता. हाजी तिच्यामागे धावायला उठले, मी त्यांना कवेत धरून ठेवलं. धावून करणार काय होते?