आकार नसलेला लेअर

खोदकाम सुरू करण्याआधी दादाचा मला फोन येतो. तो खोदाईचं यंत्र चालवतो आणि मी जमिनीखालच्या नळांची, केबलींची मोजणी करून नकाशे बनवते. "चिमणे, खाली काय आहे गं?" एवढंच विचारतो. माझे केस पिकले, गुडघे बोलायला लागले, तरी त्याच्या लेखी मी चिमणीच. मी सांगते, मग तो यंत्र सुरू करतो.

त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, आमच्याच ऑफिसात प्रोग्रॅमर म्हणून लागली. नकाशाच्या एका फाईलमध्ये बरेच लेअर, म्हणजे एकावर एक ठेवलेले पदर, असतात: पाण्याचा, सांडपाण्याचा, विजेचा. आमचं जुनं सॉफ्टवेअर फाईल उघडली की पहिला लेअर दाखवतं आणि गप्प बसतं. बाकीचे आहेत हे ज्याला आठवेल त्याने नाव घेऊन मागायचे. भाचीने एक छोटंसं टूल लिहिलं. त्याला फाईल द्यायची, ते आतल्या सगळ्या लेअरची यादी देतं, रेषा आहेत की ठिपके हेही सांगतं. साहेबांची कळी खुलली. दादाचं तर विचारूच नका. पहिली यादी त्याने छापून घेतली आणि यंत्राच्या केबिनमध्ये चिकटवली. येईल त्याला दाखवायचा.

पोर हुशार आहे, पण टापटिपीचं भारी वेड. तिच्या टेबलावर पेनसुद्धा तिरकं पडायची हिंमत करत नाही.

त्या दिवशी बेकरीमागच्या गल्लीत खोदाई होती आणि दादाचा फोन आला नाही. मला राग आला. लेक शिकली आणि बहीण अडगळीत गेली, असं सरळ मनात आलं. शेवटी भाचीलाच विचारलं, "तुझ्या बाबांना आज माझी गरज नाही वाटतं?"

"मी यादी पाठवली ना त्यांना," ती म्हणाली. "तुला कशाला उगीच त्रास, आत्या? ही बघ."

मी पाहिली. पाणी, सांडपाणी, वीज, टेलिफोन. सुबक यादी.

"गॅस कुठाय?"

"गॅसचा लेअरच नाहीये."

"नाही कसा? मी स्वतः भरलाय."

त्या गल्लीत गॅसचा जुना पाइप आहे. आहे हे नक्की, नेमका कुठे ते माझ्या यंत्राला काही केल्या सापडलं नव्हतं. साहेब म्हणाले होते, अंदाजाने एक रेघ मारून टाका. मी ऐकलं नाही. रेघ दिसली की लोक तिच्या शेजारी बिनधास्त खणतात. म्हणून त्या लेअरमध्ये मी फक्त नोंद ठेवली होती: पाइप आहे, जागा माहीत नाही, हातानेच खणावं. रेषा काढलीच नव्हती.

हे सांगितलं तशी भाची खुर्चीतून उठलीच.

"ज्या लेअरना आकारच नाही, ते मी यादीतून गाळते, आत्या. नुसती खोगीरभरती वाटायची."

दादाला फोन लावला, पण यंत्र चालू असलं की त्याला काही ऐकू येत नाही. मुकादमाचा फोन व्यस्त. गल्ली जवळच होती, भाची पायऱ्या उतरून पळाली. मी मागून माझ्या गुडघ्यांना शिव्या देत.

मी पोचले तेव्हा ती यंत्रासमोर हात पसरून उभी होती आणि दादा केबिनमधून ओरडत होता, "वेड लागलं का तुला? मरायचंय?" वरचा थर निघाला होता आणि बकेट पुढच्या घासासाठी वर उचललेली होती.

"बाबा, बंद करा! खाली गॅस आहे!"

त्याने आधी केबिनच्या काचेवर लावलेल्या आजच्या यादीकडे पाहिलं, मग यंत्र बंद केलं.

माणसांनी फावड्याने माती काढली. पाइप बकेटच्या बरोबर खाली निघाला, गंजलेला, हाताच्या अंतरावर. मी फुटपाथवर बसले आणि रडले, का लपवू?

दादा खाली उतरला. लेकीला ओरडेल असं वाटलं होतं. तो मला म्हणाला, "यादी हातात होती गं. लेकीची. म्हटलं, परत विचारलं तर तिला वाटेल, बापाचा आपल्यावर भरवसा नाही."

भाचीने ते ऐकलं. बापाच्या ओरडण्याने ती नसती रडली, याने रडली.

दुसऱ्या दिवशी तिने टूल बदललं. आता आकार नसलेले लेअर यादीत सगळ्यात वर येतात, प्रत्येकाच्या आत लिहिलेल्या नोंदीसकट. साहेबांना यादी आता गबाळी वाटते. वाटू दे.

पुढच्या खोदाईच्या सकाळी फोन वाजला, पण माझा नाही, तिचा. दादाचा आवाज मला माझ्या खुर्चीपर्यंत ऐकू आला.

"बाळा, खाली काय आहे गं?"

तिने यादी वरपासून खालपर्यंत वाचून दाखवली, एकही ओळ न गाळता. मग म्हणाली, "बाबा, यंत्र सुरू करू नका. थांबा, आत्याला विचारते."