कौसाबाईंची कॅसेट आणि ‘उतोल’

मित्रांनो, मी टेपरेकॉर्डर. म्हातारा झालोय, पण घसा अजून शाबूत आहे बरं का! जपानात बनलो, सौदीत विकला गेलो आणि १९८६ साली हरिचंद्रच्या बॅगेतून बदलापुरात, कात्रपच्या घरी आलो. हरिचंद्र तिकडे वेल्डर. पत्राऐवजी तो कॅसेट भरून पाठवायचा. ती मी वाजवायचो आणि त्याची आई कौसाबाई मला पदराने पुसायची. एवढे लाड कुणाच्या नशिबी असतात?

एकदा हरिचंद्रचा आवाज फार खोल गेलेला आला. त्याला कावीळ झाली होती. खोलीतल्या रेने नावाच्या फिलिपिनो सोबत्याने महिनाभर त्याला पेज भरवली होती. मागून रेने हसत म्हणत होता, “उतोल! उतोल!”

कौसाबाईला भरून आलं. “मी पन त्याला उतोलच म्हननार, आशीर्वाद देनार.”

सून तुळशी दचकली. “आई, थांबा! आपल्याकडची पोरं लाडात दोस्ताला शिवी घालतात. तसलं काही निघालं तर? ज्यानं तुमचं पोर वाचवलं, त्यालाच शिवी द्याल!”

शेजारचा शंकर रविवारी सौदीला निघणार होता. कॅसेट त्याच्याच हाती जायची होती.

मग मला पिशवीत घालून दोघी उल्हासनगरला गेल्या. माझा पट्टा जिथे बदलत, त्या सिंधी दुकानातल्या ईश्वरीभाभींचं माहेर मनिलाचं. भाभींनी मला दोनदा ऐकलं आणि हसल्या. “अरे मावशी, उतोल म्हणजे भाऊ. गाली नाही. पण ते लडके लोग आपस में बोलतात. तू आई आहेस ना? तू ‘आनाक’ बोल. आनाक म्हणजे बाळ.”

“बरी भेटलीस गं बाय!” म्हणत कौसाबाईने भाभींवरून कडाकडा बोटं मोडली.

घरी येऊन तिने माझं लाल बटण दाबलं. “आनाक, माज्या लेकाला वाचवलास. तू जेवलास का रं?” मग पदराने मला पुसून तिने बटण बंद केलं. तेवढंच गेलं.

आता मी माळ्यावर असतो. तक्रार नाही; या घराने मला भरभरून दिलं. फक्त एक विनंती. घरातलं जुनं यंत्र भंगारात घालण्याआधी आतली कॅसेट एकदा वाजवून बघा. माझ्या पोटात अजून रेनेचं उत्तर आहे.

ते आलं त्या दिवशी हरिचंद्र आधी बोलला, “आई, रेनेला आई नाही गं.” मग रेनेचा आवाज आला, चाचरत. “नानाय...”

तुळशी म्हणाली, “भाभींना विचारून येऊ का?”

कौसाबाईने मला उराशी धरलं. “नको. आईला मारलेली हाक कलती मला.”