झाडलेलं शेत

गावात त्या म्हातारीला सगळे पाठीमागे 'केरसुणी' म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. म्हातारीचं अंगण असं, की कोंबडीनंसुद्धा पाय पुसून आत यावं. उठल्या उठल्या आधी अंगण, मग घर, मग घरासमोरचा रस्ता, आणि तरीही हात शिवशिवत राहिले तर शेजारणीचा उंबरठा. शेजारीण म्हणायची, राहू द्या हो, मी झाडते. म्हातारी म्हणायची, तू झाडशील तेव्हा झाडशील.

अशा बाईच्या सुनेनं शेतात कचरा पसरायला घेतला. आता बोला!

शेत तरी कसलं, गावाबाहेरचा चिकट मातीचा, भेगाळलेला उतार तो. शेळीनंही नाक मुरडावं असा. गावप्रमुखानं तो सून धरून चार-पाच बायकांना कसायला दिला, तो काही दयेपोटी नाही. शेतीच्या प्रशिक्षण केंद्रातल्या ताई त्याच्या ओसरीवर येऊन येऊन बसल्या, तेव्हा कुठे त्याच्या तोंडून हो निघालं. आणि देतानाही अट घातलीच पठ्ठ्यानं. दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा सरताना उतार हिरवा दिसला तर जमीन कायमची बायकांची. वाळलेला दिसला तर वीटभट्टीवाल्याची. भट्टीवाला त्या मातीवर केव्हापासून डोळा ठेवून होता.

सुनेला तर भट्टीचं नावही नको असायचं. सासरा त्याच भट्टीवर खोकून खोकून गेला. सासूची उमेदीची वर्षं तिथंच विटा वाहण्यात सरली. अजूनही तिची मान एका बाजूला कलते. नवरा शहरात इमारतींच्या कामावर. कधीमधी यायचा, चार दिवस नुसता झोपून काढायचा आणि परत जायचा. जमीन मिळाली तर तो घरी राहील. नाही मिळाली तर सुनेच्या डोक्यावरही विटा येतील. इतकं सरळ होतं ते.

ताईंनी शिकवलं ते असं, की उघडी माती उन्हात मरते, तिला झाका. पाला, काड्या, भुसा, मिळेल ते अंथरा. आणि कुंभाराकडची साधी मडकी गळ्यापर्यंत जमिनीत पुरा, त्यात पाणी भरा, वर झाकण ठेवा. मडकं आपलं आपण पाझरतं, आणि झाडाच्या मुळ्या ओलाव्याच्या ओढीनं येऊन त्याला मिठी मारतात. हे ऐकून बायका खुदखुदल्या होत्या. असल्या उन्हात गार मडक्याला मिठी कोण मारणार नाही, असं एक जण म्हणाली. पण एकदा ताईंनी मडक्याशेजारची माती बोटांनी हळूच बाजूला केली, आणि पांढऱ्या केसांसारख्या मुळ्यांनी मडकं गच्च धरलेलं बघितल्यावर कुणी हसलं नाही.

मग सून पेटलीच. दोन्ही वर्षं हिवाळाभर ती गोणी घेऊन झाडांखाली फिरली. रस्त्याकडेचा पाला, दुसऱ्यांच्या खळ्यातला भुसा, वाळलेलं गवत, सगळं उतारावर नेऊन अंथरलं. मडकी पुरली, आणि प्रत्येक मडक्याभोवती लिंबाचं रोप, भोपळ्याचा वेल, वांगी, मिरच्या. गावातले लोक जाता-येता विचारायचे, काय गं, उकिरडा कसा काय पिकलाय यंदा? सून ऐकून सोडून द्यायची. सासूला मात्र ते झोंबायचं. जन्मभर ज्या बाईनं काडी पडू दिली नाही, तिच्या घराला आता उकिरडेवाले म्हणत होते. ती सुनेशी बोलेनाशी झाली. जेवायला वाढायची, पण ताट असं आदळायची की शेजारी कळावं.

सून समजावून समजावून थकली. आई, तो कचरा नाही, मातीचं पांघरूण आहे ते. म्हातारी भिंतीकडे बघत ऐकायची आणि उठून झाडायला लागायची.

मग दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा आला. सगळं रान करपलं, आणि तो एकटा उतार हिरवा राहिला. एका दुपारी सुनेनं भोपळा घरी आणला. म्हातारीनं तो उलटासुलटा करून पाहिला, चिरला, शिजवला आणि मुकाट्यानं खाल्ला. दुसऱ्या दिवशी म्हातारी शेजारणीशी बोलत होती, ते सुनेनं दाराआडून ऐकलं. माझ्या सुनेच्या शेतातला आहे, असं म्हणत होती म्हातारी. माझ्या सुनेच्या! सून तिथंच दाराला टेकून उभी राहिली, आणि डोळे पुसून मग आत गेली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण त्या घरात आपण कुणाचं तरी काही आहोत असं तिला पहिल्यांदा वाटलं.

त्याच सुमारास निरोप आला, की केंद्राचे मोठे साहेब लांबून उतार बघायला येणार आहेत. सुनेनं आदल्या दिवशी केंद्रात जायचं, तिथं राहायचं आणि सकाळी त्यांना घेऊन यायचं, असं ठरलं. निघताना म्हातारी तिच्यामागे गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आली. तू काही काळजी करू नकोस, इकडचं मी बघते, असं म्हणाली. सून मोठ्या आनंदानं गेली. तिला काय माहीत!

सकाळी गाडी गावाच्या वळणावर आली, तेव्हा तिला उताराच्या टोकाला धूर दिसला. आधी वाटलं, भट्टीचा असेल. पण भट्टी दुसऱ्या बाजूला. 

उतार लख्ख होता. एक पान नाही, एक काडी नाही. मातीवर केरसुणीच्या फटकाऱ्यांच्या कमानी उमटल्या होत्या, एकसारख्या, सुरेख. पाल्याचा ढीग टोकाला जळून राख होत आला होता. आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना, घासूनपुसून, एकावर एक रचून ठेवलेली ती सगळी मडकी. गळ्याला चुन्याचा पट्टासुद्धा ओढला होता. जिथून उपटली होती ते खड्डे नीट बुजवून, थापून सारखे केले होते.

म्हातारी धुतलेलं लुगडं नेसून उभी होती. बरोबर गल्लीतल्या चार म्हाताऱ्या, सगळ्यांच्या हातात केरसुण्या. अंधार असतानाच त्या कामाला लागल्या होत्या. सुनेच्या जोडीच्या बायका आल्या तेव्हा सगळं उरकलं होतं, आणि आता त्या एका बाजूला उभ्या होत्या.

"बघ," म्हातारी सुनेच्या कानाशी लागून म्हणाली. "घरच्यांपुरतं पांघरूण ठीक आहे गं. पण पाहुण्यांपुढे कुणी अंथरूण पसरून ठेवतं का? तुझी मान खाली नको जायला."

 जवळच्या मडक्याला सुनेनं हात लावला. घासताना एक जागा राहून गेली होती. तिथं मुळ्यांची पांढरी जाळी अजून चिकटलेली होती, ओली. तिला ओरडायचं होतं. ती केरसुणी हिसकावून त्याच आगीत टाकावी, असं वाटलं तिला, खोटं कशाला बोला. पण म्हातारीचा चेहरा असा फुलला होता, की भट्टीवर जायच्या आधी ती कशी दिसत असेल ते त्यात दिसत होतं.

 साहेब पुढे गेले तसा ताईंनी सुनेचा दंड धरला.

"मडकी कुणी काढली?"

सासू मान वळवून इकडेच बघत होती. चार म्हाताऱ्याही बघत होत्या.

"मीच सांगितलं होतं," सून म्हणाली. "पाहुणे येणार म्हणून."

"तू?" ताई म्हणाल्या.  जाईपर्यंत सुनेकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही, आणि ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

साहेब मात्र खूश. सकाळची वेळ, रोपं अजून ताठ होती. किती स्वच्छता, किती टापटीप, असं म्हणत त्यांनी रचलेल्या मडक्यांपाशी म्हातारीबरोबर फोटो काढून घेतला. गावप्रमुख म्हणाला, ठीक आहे, आपलं ठरलंय ते उन्हाळा सरताना बघू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुपारी भोपळ्याच्या वेलांनी माना टाकल्या.

पुढचे दिवस सून वेड्यासारखी राबली. मडकी पुन्हा पुरली, पण तुटलेल्या मुळ्या काही पुरून जुळत नाहीत. झाकायला पाला शोधत फिरली, तर भर उन्हाळ्यात झाडांखाली होतं नव्हतं ते तिनंच हिवाळ्यात वेचून नेलेलं. शेवटी गोठ्यावरचा पेंढा ओढून आणला, तो चार रोपांनाही पुरला नाही. म्हातारीही मागे नव्हती. कललेल्या मानेवर घागर घेऊन सकाळ-संध्याकाळ चढण चढत होती, आणि प्रत्येक रोपाच्या बुडाशी पाणी ओतून बोटांनी पानं उचलून बघत होती. पाणी घटकाभर राहायचं आणि भेगेत नाहीसं व्हायचं. भेगा पुन्हा उघडल्या होत्या.

जोडीच्या बायका चिडल्या होत्या, आणि का चिडू नये? त्यांचंही तेच गेलं होतं. त्यातली एक तर पदर खोचूनच आली; म्हणाली, आज मी केरसुणीला तोंडावर सांगते, तू काय करून बसलीस ते. सुनेनं तिला दारातच अडवलं. सांगून झाडं उठणार आहेत का, एवढंच विचारलं. ती बाई रडायला लागली, मग ही पण. दोघी गोठ्यामागे बसून रडल्या आणि तोंडं धुऊन कामाला गेल्या.

शेवटी लिंबंही गेली.

गावप्रमुख आला तेव्हा भट्टीवाला बरोबरच होता. त्यानं मातीचं एक ढेकूळ उचललं, बोटांत चुरडलं आणि छान आहे म्हणाला. गावप्रमुखानं उतारावरून नजर फिरवली. बायकांकडे बघायचं टाळून तो म्हणाला की अट अटच असते, आणि दोघं खाली उतरून गेले. भट्टीवर बायका लागणारच आहेत, हेही गावप्रमुख जाता जाता सांगून गेला.

बाकीच्या पांगल्या. सासू-सुना दोघीच राहिल्या. म्हातारी वाळलेल्या रोपापाशी बसली होती. गळून पडलेली पानं ती सवयीनं हातानं गोळा करत होती, एका जागी ढीग करत होती.

"मी तुला तेव्हाच म्हणत होते," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसती हळहळ होती. "त्या कचऱ्यानंच खाल्लं गं. दोन वर्षं दाबून ठेवलं जमिनीला. मी उगाच रुसून बसले, नाहीतर आधीच येऊन झाडून काढलं असतं. वाचली असती झाडं."

सुनेनं तिच्याकडे पाहिलं. सांगून टाकावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. म्हातारीनं डोळे पुसले, तशी माती तिच्या गालावर लागली.

"हो आई," सून म्हणाली. "आपल्याला झाडायला उशीर झाला."

मग तिनं म्हातारीला हात देऊन उठवलं.