मीराबाईंची गैरहजेरी

‘सेविका श्रीमती मीरा राजाराम परब या गेला आठवडाभर कामाच्या वेळेत रुग्णाच्या घरी उपस्थित नसून शिवडी परिसरात असल्याचे सिद्ध झाले आहे.’

परळच्या आधारवेल रुग्णसेविका मंडळाच्या या वाक्यात ‘सिद्ध’ हा शब्द होता. तो शब्द लिहिल्यामुळे सिद्ध करण्याचे कष्ट वाचले होते. वाक्य वाचून दाखवले जात होते तेव्हा मीराबाई फणसवाडीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, मृणालिनीबाईंची मान डाव्या हातावर तोलून त्यांना पेज भरवत होत्या. वाचणारी सुमेधा त्याच खोलीच्या दारात उभी होती. मीराबाईंच्या जागी मंडळाने पाठवलेली नवी सेविका ती हीच. म्हणजे मीराबाई तिथे नाहीत, हे मीराबाईंना त्यांच्या तोंडावर वाचून दाखवले जात होते.

“मावशी, तुम्ही इथे कशा?” सुमेधाने विचारले.

“मगे खंय आसतलंय?”

“ॲपमध्ये तुम्ही शिवडीला दाखवतायत. हा बघा ना, निळा ठिपका.”

मीराबाईंनी चमचा खाली न ठेवता मान वळवून पाहिले. ठिपका गोदामांच्या पलीकडे, पार खाडीच्या चिखलात रोवला होता.

“थंय चिखलात मी काय करतंय? तिसऱ्यो काढतंय?”

चिखलात शिंपल्या वेचणाऱ्या मीराबाई डोळ्यांपुढे येऊन सुमेधाला हसू फुटले आणि लगेच आवरलेही. “मला इथली ड्युटी लागलीय, मावशी. वरददादा म्हणाले, मीरामावशी काम सोडून गेल्या.”

मीराबाईंनी मृणालिनीबाईंचे ओठ टिपले. “पेज संपासर थांब गो. मगे बघूया, कोण खंय गेलां ता.”

ठिपका खोटा नव्हता, एवढे त्याच्या बाजूने म्हणायला हवे. तो फोन खरोखरच शिवडीत होता. फक्त तो मीराबाईंचा फोन नव्हता. ही गोष्ट ज्यांना ठाऊक होती त्यांत मंडळाचे मानद सचिव वरद यांचाही समावेश होता. किंबहुना ती व्यवस्था त्यांनीच लावून दिली होती.

मंडळ त्यांच्या वडिलांनी, अण्णांनी, काढलेले. गिरण्या बंद पडत गेल्या आणि घरोघरचे पुरुष भिंतीला पाठ लावून बसले, तेव्हा त्यांच्या बायकांना मान राखून काम मिळावे म्हणून अण्णांनी लालबाग-परळमधल्या बायकांना आजाऱ्याची शुश्रूषा शिकवली. नवऱ्याची, राजारामची, गिरणी गेली त्या वर्षी मीराबाई पहिल्यांदा कुणाच्या तरी आईला कूस बदलून देण्यासाठी घराबाहेर पडल्या, त्या आजतागायत तेच करत होत्या. राजाराम गेला, अण्णा गेले, आजारी माणसे तर येत आणि जातच राहिली. वरद एका जाहिरात कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. फावल्या वेळात वडिलांचा वारसा आधुनिक करण्याची त्याला हौस होती, आणि हौशीइतके शिस्तबद्ध नुकसान द्वेषालाही साधत नाही.

चैत्रात मंडळाच्या कचेरीत ॲप कोणत्या जातीचे घ्यावे याची बैठक झाली. सेविकांची प्रतिनिधी म्हणून मीराबाईंना बोलावले होते. प्रतिनिधीने खुर्चीवर बसायचे आणि चहा घ्यायचा, असा रिवाज होता. ॲप बनवणारा राहुल मात्र त्या रिवाजात वाढलेला नव्हता.

“तीन रस्ते आहेत,” राहुलने सांगितले. “पहिला, वेब ॲप. लिंक पाठवायची, बोट लावलं की उघडतं, जुन्या-नव्या कुठल्याही फोनवर. दुसरा, नेटिव्ह. ते स्टोअरमधून उतरवायचं, फोनच्या आत बसतं, लोकेशन, कॅमेरा सगळं वापरतं. पण जुन्या फोनवर चढत नाही, आणि खर्च बराच. तिसरा, दोघांच्या मधला. आता तुम्हाला हवंय काय? ड्युटी कळवायची, आल्या-गेल्याची नोंद घ्यायची. बास. त्याला पहिला रस्ता भरपूर झाला.”

मग त्याने मीराबाईंकडे वळून विचारले, “मावशी, तुमचा फोन देता जरा?”

मीराबाईंना संकोच वाटला. फोन त्यांच्या मुलाने, स्वप्नीलने, वापरून टाकलेला होता. काचेवर तडा गेलेला, मागचे झाकण निसटू नये म्हणून रबर लावलेले. राहुलने तो दोन्ही हातांनी घेतला, हे त्यांनी पाहिले. क्षणभराने पडद्यावर ठसठशीत अक्षरांत दोन बटणे उमटली: ‘मी आले’, ‘मी निघाले’.

“दाबा.”

मीराबाईंनी ‘मी आले’ दाबले. राहुलच्या लॅपटॉपवर त्यांचे नाव हिरवे झाले. आपले नाव हिरवे झालेले त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिले, आणि त्या हसल्या.

“झालं की,” राहुल म्हणाला. “हा इथला सगळ्यात म्हातारा फोन असणार. ह्यावर चाललं म्हणजे सगळ्यांच्यावर चाललं.”

वरदने मान डोलावली. “छान आहे रे. पण आपण नेटिव्ह करू.”

“दादा, ह्या फोनवर ते बसणार नाही.”

“फोन काय, लोक बदलतात. आपल्याला पुढचा विचार करायचाय. सिक्युरिटी आहे, स्केल आहे. उद्या पुण्याला गेलो, नाशिकला गेलो तर?”

अण्णांच्या हयातीत मंडळ दादरच्या पुढे गेले नव्हते. इतिवृत्तात नोंद झाली: ‘सर्व पर्यायांचा साकल्याने विचार करून निर्णय घेण्यात आला.’ साकल्य म्हणजे काय हे मीराबाईंना कुणी सांगितले नाही. ‘माझ्या फोनावर तर उघडलां’ हे त्यांच्या ओठांवर आले होते, ते त्यांनी चहाबरोबर गिळले.

दादरच्या एका सभागृहात ॲपच्या उद्घाटनाचा सोहळा झाला. सेविका ठेवणीतल्या साड्या नेसून ओळीने बसल्या. दुसऱ्या दिवशी कचेरीत एकेकीच्या फोनवर ॲप चढवणे सुरू झाले, आणि मीराबाईंच्या फोनने, राहुलने सांगितले होते तसाच, ते घ्यायला नकार दिला. आणखीही कितीतरी जणींच्या फोनने दिला.

“मगे माजी हजेरी?” मीराबाईंनी विचारले.

“घरात कुणाचा तरी नवा फोन असेल ना, मावशी? त्यावर टाका,” वरद घाईत म्हणाला. “हजेरी लागल्याशी मतलब.”

घरात नवा फोन सुनेचा, आकांक्षाचा. आकांक्षा शिवडीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामात बिले करते. तेव्हा व्यवस्था अशी बसली: मीराबाई लालबागहून बसने फणसवाडीत पोचत, चप्पल काढत, हात धूत आणि मृणालिनीबाईंच्या उशाशी जाण्याआधी जुन्या फोनवरून सुनेला सांगत, “पोचलंय गो.” तिकडे आकांक्षा ट्रकवाल्याला हाताने थांबवून ‘उपस्थित’वर बोट ठेवी. एक बाई खरोखर हजर होई आणि दुसरी तिची हजेरी इमाने लावी. मग एके दिवशी ॲपची नवी आवृत्ती आली. तिच्यात बोट कुठून लागले हेही पाहिले जाऊ लागले. हे कुणी कुणाला कळवले नाही. मृणालिनीबाईंचा मुलगा उन्मेष सिंगापूरला असतो. त्याच्या फोनवर रोज सकाळी ॲपची लाल अक्षरे उमटू लागली: ‘सेविका स्थळावर नाही.’ त्याने मंडळाला खरमरीत लिहिले. आईची काळजी तो अशीच घेत असे, लेखी.

पेज संपली. मीराबाईंनी सुमेधाच्या फोनवरून उन्मेषला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला.

“दादा, मी हयच आसंय. ही बघा तुमची आई.”

“आज आहात हो,” उन्मेष थकल्या आवाजात म्हणाला. “आठवडाभराचं काय? रोज अलर्ट येतोय मला.”

“आईक विचारा.”

मृणालिनीबाई कॉलेजात संस्कृत शिकवत. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांच्या साऱ्या भाषेतून एकच शब्द उरला होता, आणि सुख, दुःख, तहान, राग, सगळ्याला त्या तोच वापरत.

“आई, मीराबाई रोज येतात?”

“बरं,” मृणालिनीबाई म्हणाल्या.

“येत नाहीत का?”

“बरं.”

पडद्यावर उन्मेषने कपाळ चोळले. “मीराबाई, माझाही नाइलाज आहे. इतक्या लांबून मी कशावर विश्वास ठेवायचा, सांगा.”

याला उत्तर होते. आईच्या पाठीवर इतक्या काळात, पडून पडून होते तशी, एकही जखम झाली नव्हती. कॅमेरा जरा खाली केला असता तर ते दिसलेही असते. पण दुसऱ्याच्या आईची पाठ उघडी करून स्वतःची बाजू मांडावी, हे मीराबाईंना सुचले नाही. त्यांनी फोन सुमेधाकडे दिला.

मग त्यांनी सुमेधाला काम समजावले. हात लावण्याआधी बोलायचे, नाहीतर दचकतात. चहा बशीत ओतून, फुंकर न घालता. कूस वळवताना उजवा खांदा ओढायचा नाही.

“मावशी, मला नको ही ड्युटी,” सुमेधा रडकुंडीला आली होती. “मी सांगते दादांना, तुम्ही इथेच होता म्हणून.”

“सांग. पण आधी चादर बदल. ओली जाली असतली.”

निघताना त्या पलंगाशी वाकल्या. “येतंय मी, बाई.”

“बरं,” मृणालिनीबाई म्हणाल्या. त्यांची ‘बरं’ मीराबाईंना वेगवेगळी ओळखता येत. हे कुठले होते, ते त्यांना कळले नाही.

दोन दिवसांनी परळच्या कचेरीत चौकशी झाली. आकांक्षाने अर्धा दिवस रजा टाकली होती.

“सर, लॉजिक सांगा ना मला,” ती बसायच्या आधीच सुरू झाली. “आई आठवडाभर गेल्या नाहीत, तर त्या आजींना जेवण कोणी घातलं? पेशंट जिवंत कशी तुमची? हवा खाऊन?”

“आकांक्षा, आवाज,” मीराबाई म्हणाल्या.

“नाही आई, बोलू द्या. बटण मी दाबलं. माझ्या फोनवर टाका म्हणून ह्यांनीच सांगितलं. आणि फ्रॉड तुम्ही?”

वरदचे डोळे तांबारले होते. आठवडाभर त्याला अशाच तक्रारी येत होत्या. अर्ध्याअधिक सेविका कुणाच्या ना कुणाच्या फोनवर राहत होत्या. “मी पर्सनली मानतो गं. पण रेकॉर्डला तसं आलंय.”

“वाडीत विचारा. शेजारी रोज बघतात आईंना.”

“शेजाऱ्यांची साक्ष टाकायला त्यात जागाच नाहीये.”

त्याने एक छापील कागद पुढे सरकवला. आकांक्षाने वाचला: ‘माझ्याकडून ॲपचा गैरवापर झाला, याबद्दल मी दिलगीर आहे.’

“सही केलीत की विषय बंद, मावशी. पुढच्या महिन्यात वरळीला एक आजोबा आहेत, तिथे लावतो. फोनचंही बघू.”

“आणि मृणालिनीबाई?”

“ते आता नाही व्हायचं. उन्मेषनी लेखी कळवलंय.”

मीराबाईंनी कागद जवळ ओढला. कामाची त्यांना गरज होती. स्वप्नीलच्या पगाराचे तीनतेरा घरात सगळ्यांना ठाऊक होते. त्या इतक्या दमल्या होत्या की सही करणे हेच सोपे होते. त्यांनी पेन उचलले, टोपण काढले, पुन्हा लावले आणि कागदावर आडवे ठेवून दिले.

“सही नाय करूची मी.”

“मावशी, हट्ट करू नका.”

“हट्ट नाय. जां केलां नाय, तां लिवन कसां देव?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “वरददादा, तुमी शाळेत असताना अण्णांचा जेवण घेवन हय येयात, तेव्हापासून मी हय आसंय. माका एक सांगा. चैत्रात त्या झिलान माज्या फोनावर उघडून दाखवलेल्यान. माजा नाव हिरवां झालेलां. तुमी बघलास. मगे तां कित्याक नाय घेतलास?”

वरदने सिक्युरिटीचा ‘सि’ उच्चारला, आणि तो थांबला. बाहेर कुणीतरी सेविका आपल्या फोनबद्दल तक्रार करत जिना चढत होती. त्याने दाराकडे पाहिले, मग मीराबाईंकडे. ॲपच्या बाजूने आजवर पुष्कळ लिहिले आणि छापले गेले आहे, त्यामुळे त्यावर त्याने जे म्हटले ते शब्दशः नोंदवणे उचित होईल. तो म्हणाला:

“राहुलचं बरोबर होतं, मावशी. ते सगळ्यांच्या फोनवर चाललं असतं, मला माहीत होतं. पण लिंकचं उद्घाटन काय करणार? पाहुणे बोलावले होते, देणगीदार येणार होते, मला स्टेजवर दाखवायला काहीतरी मोठं हवं होतं. तुम्हाला ते वापरता येईल का, हा प्रश्न खरं सांगायचं तर मला पडलाच नव्हता.”